‘छा गए अप्पा!’ म्हणालो आणि अप्पांनी पेटीच बंद केली

प्रश्न: वय 38, मूळचा मिरजेचा, नोकरीमुळे पुण्यात वाकडला. आई गेल्यापासून वडील माझ्याकडेच असतात, वय 71, निवृत्त शिक्षक. रिटायर झाल्यावर पेटी शिकले. यंदा सोसायटीच्या गणपतीत पहिल्यांदाच लोकांसमोर वाजवली, भीमपलास रागातलं एक नाट्यपद. मी पहिल्या रांगेत फोनवर शूट करत होतो. मधे एका ठिकाणी ते अडकले, दोन-तीन सेकंद थांबले, तर चीअर करायला म्हणून मी ओरडलो, ‘क्या बात है अप्पा, छा गए!’ लोक हसले, टाळ्याही वाजल्या, अप्पांनी पुढचं वाजवून संपवलं. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, ‘बापासाठी एक मराठी शब्द नव्हता का रे तुझ्याकडे?’ त्याला दोन महिने झाले, पेटी गवसणीतच आहे. ऑफिसात सगळ्या राज्यांची पोरं, दिवसभर ‘सही है’, ‘कमाल कर दिया’, ‘एक नंबर भाई’ चालतं, तेच तोंडात बसलंय. बायको म्हणते तू आमटीलापण क्या बात है म्हणतोस आणि मित्राच्या बाइकलापण. आठवडाभर ‘अप्रतिम’, ‘उत्कृष्ट’ बोलून बघितलं तर मित्रांनी ‘सूत्रसंचालक’ नाव ठेवलं. फॅमिली ग्रुपवर काका आधीच हिंदीवरून पेटलेत. आणि गंमत म्हणजे अप्पा स्वतः भीमसेनजींचं रेकॉर्डिंग ऐकताना बोट वर करून ‘क्या बात है’ म्हणतात! मी हे शब्द सोडायचे का? आणि अप्पांची समजूत कशी काढू?

उत्तर:

अरे बाबा, आधीच सांगते, तुला अरे-तुरे करतेय, माझा थोरला तुझ्याहून चारच वर्षांनी लहान आहे त्यामुळे राग मानू नकोस. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं भाषेचा प्रश्न आहे, छान, ह्यावर मला बोलायला आवडतं, खुर्ची ओढून बसले आणि भराभर लिहीत सुटले. मग कुकर लावायला उठले, परत आले, पुन्हा वाचलं आणि एका वाक्यावर थबकले. त्या वाक्याकडे येतेच. पण आधी लिहिलेलं पण देणारे, लिहून झालंय तर वाया कशाला घालवू.

मी नागपूरची. आमच्याकडे ‘बढिया’ हा मराठी शब्द आहे. म्हणजे तो कुठून आला ह्याचा विचारच कोणी करत नाही, भाजी बढिया, पोरगा बढिया, पेपर बढिया गेला. नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी, जबलपूर-रायपूरची माणसं आमच्या गल्लीत, 1956 साली आम्ही मुंबई राज्यात आलो तरी जिभेला कोणी सांगितलं नाही की बाई आता तू इकडची. तर लग्न होऊन पुण्यात आले, आठ-दहा दिवस झाले असतील, सासूबाईंनी अळूवडी केली होती, पातळ, कडा कुरकुरीत, वर खोबरं, आणि मी अगदी मनापासून म्हणाले, ‘आई, बढिया झालीय!’ सासूबाई झाऱ्या हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, ‘म्हणजे बरी झालीय की नाही ते सांग.’ मला वाटलं टोमणा मारला. कितीतरी वर्षांनी कळलं की त्यांना खरंच कळलं नव्हतं की मला किती आवडलीय. बढिया म्हणजे किती? बरी, चांगली, की आजपर्यंत खाल्लेल्यात सगळ्यात चांगली? त्यांच्याकडे ह्या शब्दाचं मापच नव्हतं.

त्यामुळे हिंदी शब्द तोंडात असणं म्हणजे काहीतरी बिघडलंय असं मी मुळात मानत नाही. आणि तू ज्यांना ‘मराठी शब्द’ म्हणशील ते तरी कुठले आहेत बघ. तुझे अप्पा शिक्षक होते ना, आयुष्यभर वहीवर काय लिहिलं असेल? शाब्बास. तो फारसी, ‘शाद बाश’, म्हणजे आनंदात रहा. मस्त फारसी, मूळ अर्थ झिंगलेला. जबरदस्त म्हणजे ज्याचा हात वरचढ तो. कमाल अरबी. गजब पण अरबीच आणि त्याचा अर्थ चक्क राग, कोप, म्हणजे ‘काय गजब वाजवलंस’ म्हणताना मुळात आपण काय म्हणतोय ते न बघितलेलंच बरं. आणि अफलातून हा तर बिचारा प्लेटो, अरबांनी त्याच्या नावाचं अफलातून केलं आणि आपण ते वडापावला लावलं. माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, ह्यांनी 1925 साली फारसी-मराठी कोश काढला आणि हाच माणूस पुढे भाषाशुद्धीचा पुरस्कर्ता झाला, कवितांमधले फारसी शब्द काढत बसला. शाब्बास मात्र वहीतून कोणाला काढता आलं नाही.

आता ‘दाद’ बघ, कारण तुझ्या अप्पांना हवी होती ती हीच. दाद हा शब्द फारसीत न्याय ह्या अर्थाचा. आपल्याकडे त्याचे दोन्ही अर्थ अजून जिवंत आहेत, कोर्टात दाद मागतात आणि मैफलीत दाद देतात. मला हे फार आवडतं. म्हणजे दाद देणं म्हणजे नुसतं खूश होऊन ओरडणं नाही, समोरच्याने जे केलंय त्याला न्याय देणं, तू काय केलंस ते मला कळलं अशी पोच देणं. हे डोक्यात ठेव, पुढे लागणारे.

अप्पा भीमसेनजींना ‘क्या बात है’ म्हणतात ह्यात तुला विसंगती दिसली. मला नाही दिसली. मिरजेत वाढलेल्या माणसाच्या कानाला ते शब्द परके कसे वाटतील? गवई अब्दुल करीम खाँ उत्तरेतल्या कैरान्याचे, मिरजेला येऊन राहिले, 1937 मध्ये गेले, तिथल्याच दर्ग्यात त्यांना दफन केलं आणि अजूनही उरुसात त्यांच्या नावाने गाणं होतं, सतारी-तंबोरे बनवणाऱ्या गल्ल्या शेजारीच. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेनजी, ज्यांनी 1953 पासून पुण्यात गुरूच्या नावाचा महोत्सव सुरू केला. तिथे ऐकणारी निम्मी-अधिक माणसं मराठी, गायची चीज, म्हणजे बंदिश, ब्रजभाषेतली, आणि दाद ‘क्या बात है’, ‘बहोत खूब’, ‘जियो’. कोणाला खटकत नाही. तिकडे नाटकाच्या थिएटरात बालगंधर्वांच्या पदाला काय म्हणून ओरडायचे? वन्स मोअर! अस्सल मराठी रंगभूमी, अस्सल मराठी प्रेक्षक, आणि दाद इंग्रजी. मग अप्पांना तुझं हिंदी टोचलं असं कसं म्हणू?

जाता जाता पेटीचं सांगते, अवांतर आहे पण राहवत नाही. पेटी मूळ युरोपातली, एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये जन्मली, पाय मारून वाजवायची. कलकत्त्यात तिला मांडीशी घेऊन हाताने भाता मारता येईल अशी केली. पुढे लोकांना ती परकी वाटायला लागली, आपले स्वर तिच्यात बसत नाहीत म्हणून, आणि आकाशवाणीने 1940 पासून तिच्यावर बंदीच घातली, ती 1971 पर्यंत उठली नाही. तीस वर्षं रेडिओवर नाही, आणि त्या तीस वर्षांत भजनात, कीर्तनात, तमाशात, नाटकात सगळीकडे पेटीच. काकांनी ग्रुपवर पुन्हा पेटवलं तर हे त्यांना पाठव हवं तर. किंवा नको पाठवू, कशाला आगीत तेल.

हं, आता ते वाक्य. तू लिहिलंस, ‘ते अडकले, दोन-तीन सेकंद थांबले, तर चीअर करायला म्हणून मी ओरडलो.’

म्हणजे तू दाद दिलीस ती चुकल्यावर.

तुझ्या मनात काय होतं ते मला कळतं रे. बाप स्टेजवर अडकलाय, घाम फुटला असेल, ती शांतता तुलाच सहन झाली नसणार, तर काहीतरी आवाज करून ती भरून काढावी. क्रिकेटमध्ये आपण करतो, कॅच सुटला की ‘कोई बात नहीं, कम ऑन!’. तुझ्या हेतूत काही खोट नाही. पण संगीत शिकणाऱ्या माणसाच्या कानाने ऐकून बघ. गाण्या-वाजवण्यात दादेची जागा ठरलेली असते, तालाचं आवर्तन फिरून पहिल्या मात्रेवर येतं ती सम, वाजवणारा कुठूनतरी लांबून फिरून नेमका तिथे येऊन पोचतो आणि ऐकणाऱ्यांच्या माना एकदम हलतात, तोंडातून आपसूक ‘वा’ निघतो. नाहीतर एखादी सुरावट अशी लागते की मधेच निघतो. पण जिथे स्वर बंद पडलाय, भाता नुसता हलतोय आणि तबलेवाला ठेका धरून वाट बघतोय, तिथे जर कोणी ‘क्या बात है’ म्हणालं तर त्याचा अर्थ एकच होतो. कप फुटल्यावर आपण ‘वा, शाब्बास!’ म्हणतो ना, तसला. वर लोक हसले. कशाला हसले, तुझ्या एनर्जीला की अप्पांना, हे तुला माहितीये, मला थोडंफार कळतंय, पण स्टेजवर बसलेल्या एकाहत्तर वर्षांच्या माणसाला कळायला काही मार्ग नव्हता.

आणि आयुष्यभर ज्यांनी पोरांच्या चुकांवर लाल पेन चालवलं त्यांना घरी येऊन असं म्हणता येईल का, की तू मला सगळ्यांसमोर हसं केलंस? नाही म्हणता येत. आपल्याकडे बाप मुलाला असं सांगत नाहीत. मग ते मराठी-हिंदीवर आलं. तक्रार करायला भाषा ही सोयीची जागा आहे, त्यात स्वतःला काही लागलंय हे दिसत नाही. मी चुकत असेन, अप्पांना मी ओळखत नाही, पण पैज लावायची तर ह्यावर लावीन.

शिवाय तो फोन. तू अख्खं नाट्यपद स्क्रीनमधून बघितलंस. मी पण करते, नातीच्या गॅदरिंगला केलं, घरी येऊन व्हिडिओ बघितला तर त्यात ती मला शोधत होती, प्रेक्षकांत मान वळवून वळवून, आणि मी फोकस नीट करण्यात गुंतलेली. असो.

म्हणजे शब्दांचा काही प्रश्नच नाही, चालू दे बिनधास्त, असं पण मी म्हणत नाहीये हां. बायकोने जे सांगितलं ते जरा मनावर घे. आमटीला क्या बात है, बाइकला क्या बात है आणि बापाला क्या बात है. सासूबाईंची अडचण तीच, माप नाही. शब्द हिंदी आहे म्हणून नाही, तो तुझ्या तोंडातून वस्तू न बघताच निघतो म्हणून. ग्रुपवर कोणी काही टाकलं की अंगठा आपोआप टाळ्यांच्या इमोजीवर जातो तसं. मराठीत पण हे होतं, सध्या ‘भारी’चं तेच झालंय, कोणी नवीन नोकरी लागली सांगितलं तरी भारी, कोणी पाय मोडला सांगितलं तरी चुकून भारी.

मग हिंदीच का येते इतकी पटकन? ऑफिस हे कारण आहेच, वाकड-हिंजवडीकडे दहा तास त्याच बोलण्यात जातात तर दुसरं काय येणार. पण मला वाटतं अजून एक आहे. जरा एकटा असताना मोठ्याने म्हणून बघ, ‘अप्पा, तुम्ही फार सुंदर वाजवलंत, मला भरून आलं.’ म्हणता आलं? लाज वाटली ना? मला पण वाटते. आपल्या घरांमधे तोंडावर कौतुक करायची सवयच नाही. पोराला चांगलं म्हटलं तर शेफारेल, बाळाला गोड म्हटलं तर दृष्ट लागेल, सुनेला म्हटलं तर डोक्यावर बसेल, आणि वडिलांना तर काय म्हणणार, आपण लहान. सगळ्यात मोठी स्तुती म्हणजे ‘वाईट नाहीये’. दहावीला माझे 84 टक्के आले तेव्हा माझे बाबा ‘बरंय’ म्हणाले आणि संध्याकाळी शेजारच्या काकांना पेढा देताना त्यांचा आवाज दाटून आला, ते मला आईने सांगितलं, तेही मी चाळीस वर्षांची झाल्यावर! अशा घरात वाढलेल्या माणसाला ‘छा गए’ फार सोयीचं पडतं. ते दुसऱ्याचे कपडे घालून नाटक केल्यासारखं आहे, मी म्हणतोय पण मी नाही म्हणत, थोडी गंमत, थोडी स्टाईल, पकडला गेलो तर हसण्यावारी नेता येतं. मराठीत तेच म्हटलं की तो मीच असतो. अप्पांनी मराठी शब्द मागितला तो बहुतेक ह्या अर्थाने मागितला.

‘अप्रतिम’ आणि ‘उत्कृष्ट’चा प्रयोग फसला ह्याचं मला नवल नाही वाटलं. ते शब्द चांगले आहेत पण ते छापायचे शब्द आहेत, घरात कोण उत्कृष्ट म्हणतं? तुला सूत्रसंचालक म्हणणाऱ्यांचं चुकलं नाही (हसले मी, सॉरी). आणि तू मिरजेचा असून तुला शब्द शोधावे लागतात ह्याचं मात्र नवल वाटलं! लई भारी, नाद खुळा, झ्याक जमलंय, तोडलंस, जिंकलंस गड्या, हे सगळं तुमच्याच भागात पिकतं की. आमच्याकडे कोणी चांगलं केलं की म्हणतात ‘जमलं ना बाप्पा’. मराठीत नुसतं ‘जमलं’ ह्या एका शब्दात केवढं असतं बघ, प्रयत्न करत होतास, अवघड होतं, मला माहीत होतं, आणि आता आलं, एवढं सगळं. आणि शिवी देऊन कौतुक करायची आपली जुनी रीत, ‘मेल्या, काय वाजवलंस रे’, ती वडिलांना नाही चालायची पण मित्रांना जरूर वापर.

तर मी स्वतः काय करते ते सांगते, सासूबाईंच्या अळूवडीनंतर लागलेली सवय आहे. पहिला उद्गार कुठल्याही भाषेत येऊ दे, बढिया, क्या बात है, वॉव, काहीही, तो आपल्या हातात नसतो. पण त्याच्यामागे एक अख्खं वाक्य जोडायचं ज्यात ती वस्तू असेल. ‘बढिया! कडा एवढ्या कुरकुरीत आणि आतून जराही खवखवत नाही, चिंच किती घातलीत?’ झालं. सासूबाई तीन दिवस खूश होत्या आणि रेसिपी पण मिळाली. ऑफिसात पण हेच, ‘क्या बात है’ म्हणालास की पुढे सांग की त्याच्या प्रेझेंटेशनमधली कुठली स्लाईड तुला आवडली, हिंदीतच सांग, त्याला तुझी मराठी कुठे कळणार. बाइकबद्दल काही सांगायला सुचत नसेल तर नुसतं क्या बात है ठीक आहे, बाइकला काय वाईट वाटायचं. घरात मात्र ते दुसरं वाक्य तुला आपोआप मराठीतच सुचेल, प्रयत्न न करता, बघ तू. कारण वस्तूकडे बघून बोलायला लागलं की माणूस ज्या भाषेत बघतो त्याच भाषेत बोलतो.

काकांचं. 2025 मध्ये एप्रिलच्या 16 तारखेला पहिलीपासून हिंदीचा आदेश निघाला, बोंबाबोंब झाली, जूनमध्ये बदलून आणला आणि 29 जूनला दोन्ही मागे घेतले. त्यात काका तावातावाने बोलले असतील तर मला त्यांचं काही चुकलं असं वाटत नाही, सहा वर्षांच्या पोरावर तिसरी भाषा लादायची की नाही हा खरा प्रश्न होता आणि आहे. पण तो शाळेचा आणि सरकारचा प्रश्न. तुझ्या जेवणाच्या टेबलावर तुझ्या तोंडून काय निघतं ह्याच्याशी त्याची सांगड घालायला गेलास तर दोन्हीकडे नुसता गोंधळ होईल, तू काकांना पटवणार नाहीस आणि अप्पांशी बोलायचं राहून जाईल. ग्रुप म्यूट कर, आठ तासांचा ऑप्शन असतो त्यात.

ह्याच विषयावर अजून दोघा-तिघांनी लिहिलंय, त्यांनाही इथेच सांगून टाकते. एका मुलीने लिहिलंय की तिचा टीम लीड रोज सकाळी ‘आज तो कहर ढा रही हो’ म्हणतो, आणि ती गप्प बसली तर म्हणतो की अगं हे तर नॉर्मल हिंदी बोलणं आहे, सगळेच म्हणतात. त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्यांसाठी माझी एक साधी चाचणी आहे: तेच वाक्य तिला मराठीत, तिच्या डोळ्यांत बघून म्हणून बघा. जीभ अडखळली? मग हिंदीत पण म्हणू नका. कपडे बदलून आलं म्हणून माणूस दुसरा होत नाही. आणि मुली, तू त्याला एकदा शांतपणे, चारचौघांत, शुद्ध मराठीत सांग की मला हे आवडत नाही, ऐकलं नाही तर ऑफिसमध्ये अंतर्गत तक्रार समिती असते, 2013 च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसांच्या प्रत्येक ठिकाणी ती असावीच लागते, तिथे लेखी दे. तिथे पण दादच मागायची आहे, दुसऱ्या अर्थाने.

आणि एक आजी विचारतायत की नातू सगळ्याला ‘फाडू’ म्हणतो, काय करू. आजी, काही करू नका. त्याला विचारा, फाडू म्हणजे काय काय आवडलं ते सांग. सांगायला लागला की ऐका.

आता तुझ्याकडे परत. माफी मागायची का? मागायची, पण हिंदी शब्दाची नको, त्याने तो वाद तिथेच पक्का होईल. ‘अप्पा, तुम्ही थांबलात तेव्हा मी ओरडायला नको होतं, मी घाबरलो होतो’, एवढं म्हण, चहाच्या वेळी, कप हातात असताना, एकमेकांकडे न बघता म्हणता येतं तेव्हा. ते काही बोलणार नाहीत कदाचित. ‘हं’ म्हणतील. चालेल.

पण त्याच्या आधी एक काम आहे. ते रेकॉर्डिंग तुझ्याकडे आहे, हेडफोन लावून एकटाच ऐक, चित्र बघू नकोस, दोनदा-तीनदा ऐक. तुला पेटीतलं कळत नसेल तर मी थोडं सांगते, माझा मामा वाजवायचा. पेटीवर मींड निघत नाही, म्हणजे गळ्यासारखं एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, पट्टी दाबली की स्वर एकदम उभा राहतो आणि सोडली की संपला. आणि भीमपलासाचा जीव तर त्या घसरण्यातच, त्यातला कोमल गंधार, म्हणजे उतरलेला ‘ग’, मध्यमाला, म्हणजे ‘म’ला, लागूनच येतो. पेटीवाल्याला तो नुसता बोटाने चाटून, मध्यमाला निसटता स्पर्श करून भासवावा लागतो. मामा म्हणायचा की खोटं बोलायचं पण पकडलं जायचं नाही. सत्तरीच्या बोटांनी हे करायचं म्हणजे गंमत नाही. ते ऐक, अप्पांनी कुठे केलंय. एखाद्या तरी जागी जमलंच असेल, अडकायच्या आधी किंवा नंतर, आणि माझा अंदाज विचारशील तर नंतर, कारण अडकल्यावर उठून निघून न जाता त्यांनी ते पद पूर्ण केलंय, हे तुझ्या पत्रात तू अर्ध्या वाक्यात उडवलंस.

ती जागा सापडली की एका संध्याकाळी गवसणी काढ, पेटी पुसून बाहेर ठेव, काही बोलू नकोस. नातवंड असेल तर त्याला ऐकायला बसव. आणि म्हण, ‘अप्पा, ते मधलं परत वाजवता का, तिथे तुम्ही कायतरी केलं होतंत ते मला धड ऐकू आलं नाही.’ थिएटरातले लोक वन्स मोअर म्हणून हेच मागायचे. पहिल्यांदा नाही म्हणतील, कंबर दुखतेय म्हणतील, दुसऱ्या दिवशी परत विचार. वाजवायला बसले की सम कुठे ते शोधत बसू नकोस, त्यांच्याच मानेकडे बघ, मान जिथे खाली येते तीच सम. तेव्हा जे तोंडातून निघेल ते निघू दे, क्या बात है निघालं तरी चालेल. फोन मात्र आतल्या खोलीत चार्जिंगला लाव.